मुलांच्या किल्ल्यांची बातमी पेपरात यावी म्हणून काय करावं?

निर्झरा | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

आम्ही सिंहगड रस्त्याला, आनंदनगरच्या बाजूला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतली मुलं आणि पलीकडच्या महापालिकेच्या शाळेतली मुलं मिळून किल्ले करणार आहेत. स्पर्धा नाही, बक्षिसं नाहीत. सोसायटीच्या मागची मोकळी जागा मिळाली आहे, शेजारच्या बांधकामावरून माती आली आहे, पोती आणि विटाही जमल्यात. किल्ले भाऊबीजेपर्यंत सगळ्यांना बघायला खुले ठेवायचे असं ठरतंय.

याची बातमी यावी असं वाटतं. गेल्या वर्षी काही दैनिकांच्या पत्त्यावर ईमेल केली होती, तिचं पुढे काय झालं कळलंच नाही. आमचे सेक्रेटरी म्हणतात, पत्रकार भवनात रीतसर पत्रकार परिषद घेऊ. खजिनदार म्हणतात, तो खर्च वाचवा आणि कुणा माननीयांना बोलवा, त्यांच्यामागे पत्रकार आपोआप येतात. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काही सुचतही नाही. आपापल्या भागातल्या मुलांच्या कार्यक्रमाला कुणी प्रसिद्धी मिळवली आहे का? ओळखीशिवाय होतं का हे?

खमंग | ९.२२

पहिला! (बाकी जेवून वाचतो.)

शनिवारपेठी | ९.३१

ओळख लागत नाही, बातमी लागते. "सोसायटीत मुलांनी किल्ले केले" ही बातमी नव्हे. दिवाळीत पुण्यात जिन्याखाली, गॅलरीत, पार्किंगमध्ये, जिथे जागा सापडेल तिथे किल्ला असतो. आमच्या पेठेत एखाद्या वर्षी किल्ला झाला नाही तर त्याची बातमी होईल.

आणि एक शंका. बातमी हवी कशाला? मुलं मातीत लोळतील, भांडतील, तोफा पळवतील, झालं. पेपरात आल्याने बुरूज उंच होतो का?

निर्झरा | ९.४८

शंका रास्त आहे. कारण अगदी व्यवहाराचं आहे. पुढच्या वर्षी हा कार्यक्रम शाळेच्या मैदानावर करायचाय. शाळेच्या बाई म्हणाल्या, परवानगीच्या अर्जाला कात्रण जोडलेलं असलं की फाईल जरा लवकर सरकते. शिवाय शाळेतल्या मुलांचे पालक गेल्या वेळी बघायला आलेच नाहीत. "सोसायटीवाल्यांचा कार्यक्रम" असं त्यांना वाटलं. आपल्या पोरांची नावं पेपरात दिसली तर येतील, असा आमचा अंदाज.

डेडलाइन | १०.०५

एका मराठी दैनिकात बातमीदार आहे. कोणत्या ते विचारू नका, इथे जरा मोकळं बोलता येतं.

पत्रकार परिषद विसरा. परिषद कुणी घ्यावी, तर ज्याला प्रश्न विचारावेसे वाटतील त्याने. किल्ल्यांबद्दल आम्ही काय विचारणार? दोघे-तिघे येतील, पत्रक उचलतील, चहा घेऊन पुढच्या परिषदेला जातील. तेच पत्रक ईमेलने पोचतं.

तुमची ईमेल कुठे गेली तेही सांगतो. पेपरच्या सामायिक पत्त्यावर रोज पत्रकांचा ढीग येतो. सत्कार, निषेध, निवड, पुण्यतिथी. विषयाच्या जागी "बातमीसाठी" किंवा "कृपया प्रसिद्धीसाठी" असं लिहिलेल्या बहुतेक ईमेल कुणी उघडतही नाही. विषयातच बातमी लिहा. त्याहून चांगलं म्हणजे माणूस शोधा. सिंहगड रस्ता, धायरी, वडगाव या पट्ट्यातल्या बातम्यांवर कुणाचं नाव छापून येतं ते आठवडाभर बघा. महापालिका शाळांच्या बातम्या शिक्षण बघणारा बातमीदार करतो, त्याचंही नाव दिसेल. कार्यालयात फोन करून त्यांना मागा. फोन सकाळी अकरा ते एक या वेळात. संध्याकाळी सहानंतर आम्ही बातम्या लिहीत असतो, तेव्हा सख्ख्या भावाचाही उचलत नाही.

दिवस रविवार ठेवा. रविवारी सरकारी कार्यालयं, महापालिका, कोर्ट, सगळं बंद. सोमवारच्या अंकाला बातम्यांचा दुष्काळ असतो. पण रविवारी आमची माणसंही कमी असतात, म्हणून कुणी येईल अशी आशा न धरता मजकूर आणि फोटो पाचच्या आत तुम्हीच पाठवा. आणि "शहरात आज" छापाची सदरं जवळपास सगळ्यांकडे असतात. तिथे दोन-तीन दिवस आधी चार ओळी पाठवल्या तर सहसा लागतात. ते कुणी करत नाही, सगळ्यांना मोठी बातमीच हवी असते.

कोथरूडची मावशी | १०.२०

माननीयांबद्दल बोलते. आमच्याकडे मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. माननीय आले, दोन तास उशिरा. तोवर मुलं बटाटेवडे खाऊन पेंगुळली होती. मग दीपप्रज्वलन, शाल, नारळ, मनोगत. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात फोटो आला. त्यात सहा मोठी माणसं फीत कापताहेत आणि उजव्या कोपऱ्यात आमच्या सानियाचं कोपर. फक्त कोपर. तिच्या आईने तरीही ते कात्रण फ्रिजला लावलंय.

निर्झराताई, खजिनदारांना सांगा, माननीयांमागे पत्रकार येतात हे खरं, पण ते माननीयांसाठी येतात.

खमंग | १०.२६

कोपराला श्रेय मिळालं का फोटोओळीत?

कोथरूडची मावशी | १०.२९

"मान्यवरांसह बालचमू."

वाटसरू | १०.४०

मी वेगळं म्हणेन. पेपर वाचतं कोण आता? आमच्या इमारतीत चार-पाच घरीच येतो, तोही कपाटात अंथरायला. भागाची फेसबुक पानं आहेत, इन्स्टावर पुण्याची खाती आहेत, एखादा रील पळाला की आठ दिवस गर्दी. मुलांकडूनच शूट करून घ्या. उभा मोबाईल, चाळीस-पन्नास सेकंद, सुरुवातीलाच मातीत बरबटलेले हात.

डेडलाइन | १०.५१

@वाटसरू, गर्दीसाठी तुमचं बरोबर. पण त्यांना फाईल सरकवायची आहे. अर्जाला रील जोडता येत नाही अजून. आणि आमच्या डिजिटल विभागाला असले व्हिडिओ हवेच असतात, तेव्हा दोन्ही करा. एक उभा, एक आडवा.

ट्रेकवेडा | ११.०२

शनिवारपेठींचा मुद्दा महत्त्वाचा, बातमी हवी. ती तुमच्या समोरच आहे की! जुलै २०२५ मध्ये "मराठा लष्करी भूप्रदेश" म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. मुलांचे बारा गट पाडा, प्रत्येक गटात सोसायटीची आणि शाळेची मुलं अर्धी अर्धी, प्रत्येकाला एक किल्ला. हवा तसा काल्पनिक गड करायचा नाही, नकाशा बघून करायचा.

खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग समुद्रात आहेत, ते पाण्याने भरलेल्या टबात करावे लागतील. जिंजी तर तीन टेकड्यांवर पसरलेला. राजाराम महाराज महाराष्ट्र सोडून तिकडे का गेले, हे मुलांना शोधावं लागेल. पेपरवाल्याला याहून काय हवं?

शनिवारपेठी | ११.०९

सिंहगड नाही यादीत???

ट्रेकवेडा | ११.११

नाही. पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड, राजगड आहेत.

शनिवारपेठी | ११.१४

सिंहगड रस्त्यावर कार्यक्रम आणि सिंहगडच नाही. तेरावा करा. निषेध म्हणून करा. तीच बातमी आहे.

पेन्शनर | ११.३०

तानाजी मालुसरे गेले तो गड यादीत नाही म्हणजे काय! कुणी निवड केली? माझ्या मते यात

(प्रतिसाद काढून टाकला आहे. सौ. म्हणाल्या झोपा.)

वाटसरू | मंगळवार, सकाळी ७.५०

अवांतर: सिंहगडावर टॉवर, भिंती, टपऱ्या, गाड्या बघता यादीत न येणं फारसं आश्चर्याचं नाही. पिठलं-भाकरीसाठी वेगळी यादी असती तर पहिला नंबर होता.

(यावर पुढे बरीच चर्चा झाली. ती सिंहगडाच्या वेगळ्या धाग्यावर हलवली आहे. – संपादक)

निळी शाई | मंगळवार, सकाळी १०.१५

उपसंपादक म्हणून बरीच वर्षं पत्रकं कापली, म्हणून कापणाऱ्याच्या बाजूने सांगते.

नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली सकाळ काढला तेव्हापासून पुण्याच्या पेपरांना गल्लीतल्या बातमीचं वावडं नाही. बुधवार पेठेतल्या सकाळच्या कार्यालयात लोक हाताने लिहिलेली पत्रकं आणून द्यायचे आणि ती लागायची. तेव्हा जागा नाही म्हणून बातमी जायची नाही असं नव्हे, तेव्हाही कापायचोच. कापताना खालून कापतात हे लक्षात ठेवा. त्यामुळे पहिल्या परिच्छेदात काय, कुणी, कुठे, कधी आणि त्यात विशेष काय, एवढं बसलं पाहिजे. लोक काय करतात, "सालाबादप्रमाणे यंदाही" ने सुरुवात करतात, मग अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालन, आभार. मुलं सहाव्या परिच्छेदात. मी वरून वाचायला घेतलं की आभारापर्यंत पोचायच्या आत चहा यायचा.

मजकूर ईमेलच्या अंगातच लिहा, युनिकोडमध्ये. पीडीएफ नको, त्यातला मराठी मजकूर उचलला की अक्षरं फुटतात. लेटरहेडवर लिहून त्याचा मोबाईलने काढलेला फोटो तर अजिबात नको, तो परत टाइप कोण करणार? दीडशे-दोनशे शब्द पुरे. शेवटी अशा माणसाचा नंबर, जो अनोळखी फोन उचलतो.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो इतका लहान होऊन येतो की छापला की डाग दिसतो. सोबत फोटोओळ: डावीकडून कोण कोण, काय करताहेत. एका दैनिकात माझ्याच भाचीच्या फोटोखाली शेजारच्या मुलाचं नाव आलं होतं. फोटोओळ पाठवणाऱ्याने नावं उजवीकडून लिहिली होती.

निर्झरा | १०.४०

निळी शाई, ट्रेकवेडा, डेडलाइन, तिघांनाही दंडवत. बारा किल्ल्यांची कल्पना मुलांना सांगितली. जिंजीसाठी भांडण सुरू झालंय, रायगड कुणालाच नको, "तो सगळेच करतात" म्हणे.

पण एक अडचण. काल एका पुरवणीच्या माणसाचा फोन आला, अर्धं पान देतो म्हणाला, फक्त जाहिरातीचं एक छोटं पॅकेज घ्या. हे कसं असतं?

डेडलाइन | ११.०५

तो जाहिरात विभागाचा किंवा त्यांच्या एजंटचा माणूस असेल. पैसे देऊन येते ती जाहिरात, बातमीच्या कपड्यात आली तरी. ती कुणालाही सरळ दिसतेच, तुमच्या फाईलवाल्या साहेबांनाही दिसेल. नम्रपणे नाही म्हणा. आणि परिषदा-कार्यक्रमांत पत्रकारांना पाकीट, भेटवस्तू वगैरे देण्याची कुणी सूचना केली तर तीही नको. चिवडा-लाडू चालेल, दिवाळी आहे.

कलमबहाद्दर | दुपारी १.२०

उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण मुलांचे फोटो आणि नावं छापणार म्हणजे पालकांची लेखी संमती घ्या. साधा अर्ज पुरे: फोटो व नाव वृत्तपत्रात आणि समाजमाध्यमांवर वापरायला हरकत नाही, खाली सही. फोटोओळीत नाव आणि इयत्ता ठीक, घरचा पत्ता नाही, कोणत्या वस्तीतलं मूल तेही नाही. आणि शाळेत एखादं मूल बालगृहातून येत असेल तर त्याची ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४. ते मूल कितीही हसत असलं तरी.

शनिवारपेठी | १.३४

आमच्या लहानपणी पेपरात नाव यायला स्कॉलरशिप लागायची, आता संमतिपत्र लागतं.

कलमबहाद्दर | १.४१

स्कॉलरशिप मिळाली नाही हे लक्षात आलं.

निर्झरा | २.१०

वस्तीचा मुद्दा मोलाचा. आमच्या पत्रकाच्या मसुद्यात "वस्तीतील गरीब मुलांना सोसायटीचा आधार" असं सेक्रेटरींनी लिहिलं होतं. काढते.

निळी शाई | २.२५

लगेच काढा. तसं लिहिलं तर त्यांचे पालक यंदाही येणार नाहीत.

पेन्शनर | सायंकाळी ५.४५

झोपलो, उठलो. रेडिओ विसरलात सगळे! आकाशवाणी पुणे केंद्र १९५३ पासून आहे. आमच्या लहानपणी बालोद्यान ऐकायला कान लावून बसायचो. आकाशवाणीत एक अर्ज देऊन बघा, मुलांचा आवाज ध्वनिमुद्रित करायला त्यांना आवडेल. विद्यापीठाचं विद्यावाणी हे सामुदायिक केंद्रही आहे. सामुदायिक रेडिओ असल्याच गोष्टींसाठी असतो.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण तो कुणी लिहिलेला नाही. हळीव! किल्ल्यावर हळीव पेरलं की हिरवं दिसायला चार-पाच दिवस लागतात. तुम्ही रविवारी सकाळी किल्ले बांधून दुपारी फोटो काढलात तर पेपरात काय दिसणार? बांधकामावरची मातीच दिसणार. आधीच्या मंगळवारपर्यंत माती चढवून, लिंपून, हळीव पेरून तयार ठेवा. रविवारी फक्त दरवाजे, तोफा आणि मावळ्यांची मातीची चित्रं.

डेडलाइन | ६.०२

(सहा वाजून गेले तरी लिहितोय, बघा.) पेन्शनरकाकांना शंभरपैकी शंभर. आमच्या छायाचित्रकाराला विचारलं, तो म्हणाला, "किल्ला हिरवा आणि पोरं मातकट पाहिजेत." तयार किल्ल्यापाठी ओळीने उभी केलेली मुलं कुणी छापत नाही. एक मुलगा टबातल्या सिंधुदुर्गात कोपरापर्यंत हात घालून तट लिंपतोय, हा फोटो.

आणि तारीख. धनत्रयोदशी ते पाडवा पानभर जाहिराती असतात, बातमीला जागा उरत नाही. लक्ष्मीपूजनाला कार्यालयाला सुट्टी, दुसऱ्या दिवशी अंकच नाही. वसुबारसेच्या आधीचा रविवार धरा.

कोथरूडची मावशी | ६.२०

डेडलाइन, कोपर पुन्हा आलं!

वाटसरू | ६.३३

मी पेपरच्या विरोधात बोललो खरा, पण एक सांगतो, अख्खं घर जे सदर वाचतं ते म्हणजे वाचकांची पत्रं. बातमी नाहीच लागली तर एखाद्या मुलाने स्वतः पत्र लिहावं. "आम्ही जिंजी केला तेव्हा" असं. पुण्यात अग्रलेख चुकवतात, पत्रं चुकवत नाहीत.

निर्झरा | बुधवार, रात्री ९.००

सगळ्यांचं ऐकून पत्रक केलंय. निर्दयपणे कापा.

"युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले बारा किल्ले सिंहगड रस्ता परिसरातील मुलांनी मातीतून साकारले आहेत. महापालिका शाळेतील व आनंदनगरमधील सोसायटीतील मुलांनी एकत्र येऊन प्रत्येक किल्ल्याचा नकाशा अभ्यासला असून, खांदेरी, सुवर्णदुर्ग व सिंधुदुर्ग हे सागरी किल्ले पाण्याने भरलेल्या टबांमध्ये उभारले आहेत. सालाबादप्रमाणे यंदाही कार्यक्रमास नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभत असून..."

पुढे दोन परिच्छेद आहेत, वेळ, पत्ता, समन्वयकांची नावं. विषयात लिहिलंय: "मुलांनी केले युनेस्कोच्या यादीतील बारा किल्ले, रविवारी पाहता येणार".

निळी शाई | ९.१५

"सालाबादप्रमाणे"! वाटलंच होतं. ते वाक्य सेक्रेटरींचं ना? काढा. प्रतिसाद मिळायच्या आत "लाभत असून" कसं? "साकारले" आणि "उभारले" च्या जागी "केले" लिहा. किल्ला करतात. समन्वयक पाच कशाला, एक पुरे. दुसऱ्या वाक्यानंतर मुलांपैकी एकाचं वाक्य टाका, त्याच्या शब्दांत, शुद्ध करू नका.

निर्झरा | ९.२८

आहे एक. जिंजीच्या गटातला सातवीतला मुलगा म्हणाला, "आधी वाटलं तमिळनाडूत आपला किल्ला कशाला, मग कळलं तिथून आठ वर्षं लढत होते."

डेडलाइन | ९.३३

हे तिसरं वाक्य. याच्यावर मथळा निघतो. उद्या अकरा ते एकमध्ये फोन करा आणि आधी हे वाक्य वाचून दाखवा, "कार्यक्रम आहे" पासून सुरू करू नका. बातमी लागेलच असं मी म्हणणार नाही. रविवारी एखादा पूल खचला की सगळ्यांचे किल्ले आतल्या पानावर जातात किंवा कुठेच जात नाहीत.

शनिवारपेठी | ९.४०

आणि तेरावा?

निर्झरा | ९.४४

केला तेरावा. प्रवेशद्वाराजवळ, यादीबाहेर. पाटी मुलांनीच लिहिली आहे: "हा युनेस्कोत नाही. आमच्या रस्त्यावर आहे."

पत्रकात कुणाचा नंबर टाकू, माझा की बाईंचा? बाई शाळेत असताना फोन बंद ठेवतात.

निळी शाई | ९.४७

तुमचा. आणि रविवारी चार्जिंग ठेवा.

खमंग | १०.१०

जेवून आलो. सगळं वाचलं. चित्रं आणायला कुंभारवाड्यात कधी जाताय? माझ्या लेकालाही दोन तोफा आणि एक भालदार हवाय, एकत्र घेतलं तर भावात जरा फरक पडेल.